टाके पडल्यानंतरचे तास

२००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांनी भूल दिलेल्या प्रत्येक लहान प्राण्याची नोंद ठेवली. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या नोंदींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९८ हजार कुत्री, ७९ हजार मांजरे आणि ८ हजारांवर ससे या पाहणीत आले होते. भुलीमुळे दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के निघाले. धडधाकट कुत्र्यांपुरते पाहिले तर दोन हजारांत एक; आजारी कुत्र्यांत मात्र १.३३ टक्के, म्हणजे पंचवीसपटीहून जास्त. हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण त्या पाहणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. मृत्यू नेमका कधी आला, हे त्यांनी नोंदवले होते. दगावलेल्या कुत्र्यांपैकी ४७ टक्के, मांजरांपैकी ६१ टक्के आणि सशांपैकी ६४ टक्के शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर गेले, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांत.

त्या तीन तासांत पशुवैद्य कुठे असतो? हातमोजे काढून तो पुढच्या रुग्णाकडे वळलेला असतो, बाहेर थांबलेल्या घरच्या माणसांशी बोलत असतो, किंवा केसपेपर लिहीत असतो. त्यात त्याची चूक नाही. एका माणसाने शस्त्रक्रिया करायची, भूल सांभाळायची, शुद्धीवर येणाऱ्या प्राण्याजवळ बसायचे आणि बाह्यरुग्ण विभागही चालवायचा, हे होणारे कामच नाही. प्रश्न आहे तो प्राण्याजवळ कोण बसलेले असते, त्याला काय येते आणि त्याला कुणी शिकवले, हा. शस्त्रक्रियेच्या रुग्णाची परिचर्या हा विषय आपल्याकडे डॉक्टरांच्या कौशल्याच्या सावलीत राहिला. जगात तो स्वतंत्र व्यवसाय होऊन साठ वर्षे उलटली, म्हणून त्याचा नीट आढावा घेणे मला गरजेचे वाटते.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या नियामक संस्थेने १९६१ मध्ये पशुवैद्यकीय साहाय्यकांसाठी प्रशिक्षणाची योजना सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात पशुवैद्यकीय तंत्रज्ञांचा पहिला अभ्यासक्रम निघाला. ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये परिचारिकांची संघटना उभी राहिली. तिथल्या पशुवैद्यांविषयीच्या १९६६ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात १९९१ साली दुरुस्ती होऊन परिचारिकांना पशुवैद्याच्या निर्देशाखाली औषधोपचार आणि शरीराच्या पोकळीत न शिरणारी किरकोळ शस्त्रक्रिया करण्याची मुभा मिळाली. भुलीच्या बाबतीत तिथली रेषा स्पष्ट आहे. पशुवैद्याने ठरवून दिलेली ठरावीक मात्रा परिचारिका देऊ शकते. मात्र प्राण्याचा प्रतिसाद पाहत थोडे थोडे औषध वाढवत नेणे हे पशुवैद्याचेच काम. आशियातले ताजे उदाहरण जपानचे. तिथे पाळीव प्राण्यांच्या परिचारकांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला, २०२२ मध्ये तो लागू झाला आणि २०२३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा घेण्यात आली. त्याआधी वेगवेगळ्या खासगी संस्था आपापली प्रमाणपत्रे देत असत.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले १८८६ मध्ये. म्हणजे जनावरांचे डॉक्टर घडवण्याची आपली परंपरा चांगली जुनी आहे. त्या डॉक्टरांच्या शेजारी उभे राहणारे माणूस घडवण्याची परंपरा मात्र जवळजवळ नाही. सरकारी व्यवस्थेत पशुधन विकास अधिकारी, त्याखाली पशुधन पर्यवेक्षक, मग व्रणोपचारक आणि परिचर अशी उतरंड आहे. पर्यवेक्षकांच्या पदविकेचा भर कृत्रिम रेतन, लसीकरण, प्रथमोपचार आणि दुग्धव्यवसाय यांवर असतो. खेड्यातल्या गाई-म्हशींसाठी ते योग्यच आहे. शहरातल्या खासगी दवाखान्यात तर कंपाउंडर म्हणून लागलेला मुलगा किंवा ‘मावशी’च सगळे करतात. त्यांच्यातले कित्येकजण विलक्षण हुशार असतात. भांबावलेल्या जर्मन शेफर्डला दोन मिनिटांत शांत करणारे, बोटभर मांजराच्या पिल्लाची शीर एका प्रयत्नात सापडवणारे हात मी पाहिले आहेत. पण हे कौशल्य पाहून पाहून आलेले असते. ते माणूस दवाखाना सोडून गेले की कौशल्यही जाते, आणि जे कधी पाहायलाच मिळाले नाही ते त्याला येत नाही.

परिचर्येचे काम शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते, आणि त्यातला पहिला भाग दिसायला अगदी साधा आहे: वजन. भुलीची आणि वेदनाशामकाची प्रत्येक मात्रा किलोवर बेततात. मागच्या भेटीचे किंवा घरच्यांनी अंदाजाने सांगितलेले वजन केसपेपरवर उतरवले, तर पुढचा प्रत्येक हिशोब चुकतो. दुसरी गोष्ट उपाशी ठेवण्याची. निरोगी मोठ्या कुत्र्याला चार ते सहा तास अन्न न देणे पुरते, असे अलीकडची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि पाणी शेवटपर्यंत चालते. आपल्याकडे अजूनही ‘रात्री आठनंतर काही देऊ नका’ असे सरसकट सांगितले जाते आणि शस्त्रक्रिया होते दुसऱ्या दिवशी दुपारी. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर इतक्या वेळात धोकादायकरीत्या उतरू शकते. सशाला तर उपाशी ठेवायचेच नसते. त्याला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे थांबले तर तेच त्याच्या जिवावर बेतते. हे घरच्यांना फोनवर नेमके सांगणे परिचारिकेचे काम.

तपासणी डॉक्टर करतोच, पण प्राण्याच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ हात लागतो तो परिचारिकेचा. म्हणून तिच्या डोळ्यांना महत्त्व आहे. आपल्या हवामानात गोचीड तापाचे प्रमाण मोठे. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. कुत्री वरवर ठीक दिसते, खातेही, आणि गर्भाशय काढताना मात्र रक्त थांबत नाही. पोटावरचे केस काढताना कातडीवर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर मशीन बंद करून डॉक्टरांना बोलावणे हे त्या क्षणी कुठल्याही औषधापेक्षा मोलाचे ठरते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. ठिपक्यांचा अर्थ माहीत असावा लागतो, आणि ‘सर, थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा लागतो. पहिली प्रशिक्षणाने येते. दुसरी येते दवाखान्याच्या स्वभावातून, आणि आपल्याकडे ती जास्त दुर्मीळ आहे.

केस काढण्याची वेळही पाहण्यासारखी आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूल देण्याआधी केस काढलेल्या प्राण्यांत जखमेत पू होण्याचा धोका, भूल दिल्यानंतर केस काढलेल्या प्राण्यांपेक्षा तिप्पट आढळला. जागेपणी धडपडणाऱ्या प्राण्याच्या कातडीला क्लिपरचे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया जितकी लांबली तितका संसर्गाचा धोका वाढलेला दिसला. पू झाला की आपण अँटिबायोटिक बदलतो. पण केस कधी काढले, स्क्रब त्वचेवर पुरेसा वेळ राहिला का, ऑटोक्लेव्हमध्ये ट्रे कोंबून भरले होते का, प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाची उघडलेली बाटली कालची तर नव्हती, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रोपोफॉलच्या पांढऱ्या तैलद्रवात जंतू झपाट्याने वाढतात. त्याचे साधे, संरक्षक न घातलेले औषध उघडल्यावर काही तासांतच टाकून द्यायचे असते. ते महाग आहे म्हणून जपून ठेवण्याचा मोह होतो. तो मोडण्याची जबाबदारीही परिचारिकेकडे असायला हवी.

आता टेबलावरचा भाग. आपल्याकडे दोन प्रकारचे दवाखाने आहेत आणि परिचर्येचा विचार दोन्हींसाठी वेगळा करावा लागतो. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत वायूची भूल, ऑक्सिजन, कॅप्नोग्राफ, रक्तदाब मोजणारे यंत्र असे सगळे आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून अशा सोयींची चर्चा सामान्य वाचकापर्यंतही पोहोचली. अशा रुग्णालयांत परिचारिकेने सकाळी सर्वांत आधी भुलीचे यंत्र तपासायचे असते. गळती आहे का, सिलिंडर भरलेला आहे का, आणि जादा दाब बाहेर सोडणारी झडप उघडी आहे का. नळ्यांची गळती तपासताना ही झडप बंद करतात आणि पुन्हा उघडायची राहून जाऊ शकते. मग प्राणी नळीला जोडला की फुप्फुसातला दाब वाढत जातो, रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांत निरोगी प्राणी जातो. पशुभूलशास्त्रात हा अपघात पुनःपुन्हा नोंदवला गेला आहे. तो टाळायला कुठलेही महाग यंत्र लागत नाही. यादी हातात घेऊन मोठ्याने वाचणारे एक माणूस पुरते.

दुसऱ्या प्रकारच्या दवाखान्यात झायलाझिन आणि केटामिनच्या इंजेक्शनवर काम चालते. श्वासनलिकेत नळी नसते, ऑक्सिजन नसतो, मॉनिटरही नसतो. इथे परिचारिकेची गरज कमी नाही, उलट जास्त आहे. झायलाझिनने हृदयाचे ठोके मंदावतात आणि त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे हिरड्या फिकट दिसतात. हे औषधामुळे की रक्तस्रावामुळे, हे ओळखायला मांडीच्या आतल्या धमनीवर बोट ठेवून नाडीची ताकद जाणवावी लागते. केटामिनमध्ये डोळे उघडे राहतात आणि कोरडे पडतात. त्यांत मलम घातले नाही तर बुबुळावर व्रण होतो आणि चार दिवसांनी कुत्रा दुसऱ्याच तक्रारीसाठी परत येतो. ब्रिटनच्या पाहणीत मांजरांची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवले गेले, तिथे मृत्यूचा धोका लक्षणीय कमी आढळला. बोटाएवढ्या पल्स ऑक्सिमीटरची किंमत आज कुठल्याही दवाखान्याला परवडते. परवडत नाही ते त्याच्याजवळ फक्त तेवढ्यासाठी बसणारे माणूस, असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. ज्या शस्त्रक्रियेचे पैसे घेतले जातात, तिच्या खर्चात या माणसाचा पगार धरायलाच हवा.

दर पाच मिनिटांनी तक्त्यावर नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब, हिरड्यांचा रंग लिहायचा, हा नियम कागदी वाटतो. पण एकटा आकडा फारसा बोलत नाही. ९० ठोक्यांची नाडी ठीक वाटते. ती अर्ध्या तासापूर्वी १३० होती आणि दर वेळी थोडी उतरत आली आहे, हे कळले की अर्थ बदलतो. वरच्या रक्तदाबाचा आकडा ९० च्या खाली सरकू लागला की भूल कमी करणे, सलाईन वाढवणे किंवा औषध देणे यांतला निर्णय डॉक्टर घेतो, पण आधी त्याला कुणी तरी सांगावे लागते. डोळा खाली-आत वळलेला आहे की मधोमध आला, जबड्याची ढिलाई किती, हे हाताने तपासायचे असते, आणि या बाबतीत कुठलाही मॉनिटर माणसाच्या बोटांची बरोबरी करत नाही. लक्ष ठेवणाऱ्याला त्या वेळी दुसरे काम सांगू नये. टाक्यांचा धागा आण, फोन घे, बाहेरच्यांना थांबायला सांग, असे करत दहा मिनिटे निघून जातात आणि तक्त्यातले रकाने शेवटी एकदम भरले जातात. असा भरलेला तक्ता नसलेल्या तक्त्याहून वाईट. तो पाहणाऱ्याला खोटा धीर देतो.

शरीर थंड पडणे ही गोष्ट आपल्याकडे उष्ण प्रदेश म्हणून दुर्लक्षिली जाते. स्पेनमधल्या दीड हजारांवर कुत्र्यांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांचे तापमान भुलीखाली नेहमीपेक्षा उतरलेले आढळले. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातली ऊब कातडीकडे पसरते, वर स्पिरिटने पुसलेले पोट, स्टीलचे टेबल आणि एसी. पुण्या-नागपुरात बाहेर ४० अंश असले तरी आत तीन किलोची मांजर थंड पडत असते. थंड शरीर औषध हळू पचवते, रक्त गोठायला वेळ लागतो, जागे व्हायला उशीर होतो. टेबलावर चादर, पायांना मोजे किंवा फुग्यांचे प्लास्टिक, कोमट सलाईन, जमल्यास गरम हवेचे पांघरूण असे उपाय सुरुवातीपासून करायचे. गरम पाण्याने भरलेले हातमोजे किंवा पिशवी थेट अंगाला लावून बेशुद्ध प्राणी भाजल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्याला हलता येत नाही आणि ओरडताही येत नाही.

पोट बंद करण्याआधी गॉज मोजणे, हे एवढे एकच वाक्य पुरेसे आहे. आत राहिलेला गॉज महिन्यांनी गाठ होऊन दिसतो.

आणि मग टाके पडतात, आणि सगळ्यांचे लक्ष सुटते. शुद्धीवर येण्याचा टप्पा प्रत्येक जातीत वेगळा आहे. कुत्रा गिळू लागला की नळी काढायची. मांजराच्या स्वरयंत्राला लगेच आकडी येते, म्हणून गिळण्याच्या थोडे आधीच. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्यासारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची नळी मात्र ते डोके उचलून, चांगले जागे होऊन ती सहन करेनासे होईपर्यंत ठेवायची. त्यांची लांब मऊ टाळू आणि अरुंद नाकपुड्या अर्धवट शुद्धीत श्वास कोंडतात. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग महाराष्ट्रात घरोघरी आले. आज आपल्या शहरांतल्या दवाखान्यांत त्यांचीच शस्त्रक्रिया होते, आणि शुद्धीवर येताना त्यांच्याजवळ बसायला कुणी नसते. कुशीवर पडलेला प्राणी पोटावर बसता होईपर्यंत, तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या वर येईपर्यंत, हिरड्या दाबल्यावर रंग दोन सेकंदांत परत येईपर्यंत त्याला सोडायचे नाही. पोट फुगत चालले, नाडी जलद आणि बारीक झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर अंडाशयाजवळची गाठ सुटली असण्याची शक्यता. अशा वेळी दहा मिनिटांचा फरक जीव वाचवतो.

पायोमेट्राचा रुग्ण इथे वेगळा विचार मागतो. हा आजार आपल्याकडे सर्रास दिसतो, कारण अनेक कुत्र्यांची नसबंदी वेळेवर होत नाही. माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू भरतो, कुत्री पाणी खूप पिते, खात नाही, आणि घरचे ‘उन्हामुळे असेल’ म्हणून थांबतात. ती टेबलावर येते तेव्हा रक्तात विष भिनलेले असते. गर्भाशय काढणे हा उपाय आहेच, पण पुढच्या रात्रीची लढाई सलाईन, साखर आणि लघवी यांची असते. ताशी किलोमागे एक ते दोन मिली लघवी होते आहे का, हे मोजायला हवे. डायपर वजन करून किंवा मूत्रनलिकेच्या पिशवीतून ते मोजता येते. रात्री दवाखाना बंद करून रुग्ण घरी पाठवायचा, की कुणी तरी थांबायचे, यावर तिचे जगणे अवलंबून राहते.

वेदना हा या सगळ्याचा गाभा, आणि इथे परिचारिका डॉक्टरपेक्षा चांगली परीक्षक ठरू शकते, कारण ती प्राण्याला अधिक वेळ पाहते. ग्लासगो विद्यापीठात तयार झालेल्या संक्षिप्त वेदना-मापकात कुत्र्याचे कण्हणे, जखमेकडे लक्ष, चालणे, जखमेभोवती दाबल्यावरची प्रतिक्रिया, स्वभाव आणि बसण्याची ढब यांना गुण देतात. कमाल २४. सहा गुण झाले की वेदनाशामक वाढवण्याचा विचार करायचा. मांजरांसाठी कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत मांडली. कान, डोळ्यांचे आकुंचन, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण अशी पाच लक्षणे, प्रत्येकी शून्य ते दोन, आणि दहापैकी चार गुणांपासून उपचार. मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गप्प बसले की आपण ते शांत आहे असे समजतो. त्याचे कान बाजूला पडलेले, डोळे मिटत आलेले, मान खांद्याच्या खाली गेलेली, हे सगळे वेदनेचे आहे. ही मापके शिकायला एक दुपार पुरते. मराठीत त्यांचे तक्ते छापून पिंजऱ्यावर लावले, तर इंग्रजी न येणारा परिचरही ते भरू शकेल. वेदनेइतकीच भरलेल्या मूत्राशयाची अस्वस्थताही असते. कुत्रा रात्रभर रडतो, दुखते म्हणून इंजेक्शन दिले जाते, आणि बाहेर नेल्यावर तो लघवी करून झोपतो. हिलरी ऑर्पेट आणि आंद्रिया जेफ्री या ब्रिटिश परिचर्या-शिक्षकांनी २००७ मध्ये परिचर्येची जी चौकट मांडली, तिच्यात असेच साधे दहा प्रश्न आहेत. प्राणी पुरेसे खाऊ शकतो का, पिऊ शकतो का, लघवी करू शकतो का, शी करू शकतो का, नीट श्वास घेतो का, ऊब राखतो का, अंग स्वच्छ ठेवतो का, हालचाल करतो का, झोपतो का, त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो का. डॉक्टरचे निदान आजाराचे असते. ही चौकट प्राण्याच्या दिवसाकडे पाहते, आणि दोन्ही लागतात.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रांवर ही परिचर्या सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बारा लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी शस्त्रक्रिया, लसीकरण आणि त्याच जागी परत सोडणे बंधनकारक केले. रोज डझनावारी शस्त्रक्रिया होतात. रुग्णाला नाव नाही, मालक नाही, पूर्वेतिहास नाही. अंगाला हात लावू देईलच असेही नाही. गळ्यातला क्रमांक गळाला तर कुत्री दुसऱ्याच वस्तीत सोडली जाते आणि तिथले कळप तिला फाडतात. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की दोन-तीन दिवसांत अळ्या होतात, म्हणून पिंजऱ्याची धुलाई, जाळी, जखमेवरचा स्प्रे आणि दिवसातून दोनदा प्रत्येक टाक्यावर नजर, हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची आगाऊ लस मिळालेली असलीच पाहिजे. शहरांतून या कुत्र्यांबद्दल मोठी भांडणे चालू आहेत. केंद्रावर रात्री कोण थांबते, हा प्रश्न त्यांत कुणी विचारताना मला दिसत नाही.

गोठ्यातल्या शस्त्रक्रियेत परिचर्या घरच्यांकडेच येते. अडलेल्या गाईचे सिझेरियन बहुधा उभ्यानेच, कुशीत बधिरीकरण करून होते. डॉक्टर टाके घालून निघून जातो. गाय रवंथ करते का, वार पडली का, कास थंड आहे की तापलेली, जखमेतून पाणी येते का, हे पाहणारी असते घरची बाई. तिला ते पुष्कळसे ठाऊक असते. पण अँटिबायोटिकनंतर किती दिवसांचे दूध डेअरीला घालायचे नाही, हे तिला पर्यवेक्षकाने स्पष्ट सांगायला हवे, आणि औषधाच्या पुडक्यावर लिहिलेला कालावधी वाचून दाखवायला हवा. घोड्यांची गोष्ट आणखी निराळी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भूल दिलेल्या घोड्यांपैकी १.९ टक्के दगावले, आणि उठताना धडपडून हाड मोडणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

रुग्ण घरी जातो तेव्हा परिचर्येची सूत्रे हस्तांतरित होतात, आणि ती अर्ध्या मिनिटात होऊ नयेत. जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला कोन काढायचा नाही, तो ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणूनही नाही. टाक्यांना हळद लावायची नाही. आपली श्रद्धा कितीही असली तरी ती पूड जखमेत घाण होऊन बसते आणि कुत्रा ती चाटतो. पट्टी ओली झाली की त्याच दिवशी बदलायची, आणि पट्टीबाहेर दिसणारी मधली दोन बोटे सुजली किंवा गार पडली तर वाट पाहायची नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही द्यायची नाही, अर्धीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. हे सगळे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक फोन जायला हवा. तो फोन परिचारिकेचा असला की लोक डॉक्टरला विचारायला लाजतात तेही विचारतात.

हे सारे करणाऱ्या माणसाला कायद्यात जागा आहे का? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यक व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचा. पण त्याच कलमात सवलत आहे. पशुवैद्याच्या देखरेखीखाली पदविका किंवा प्रमाणपत्रधारक साहाय्यकाला ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी उदाहरणे तिथे दिली आहेत, आणि प्राथमिक उपचारांचे आणखी प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकारही राज्याला आहे. शस्त्रक्रियेच्या रुग्णाची परिचर्या, सलाईनची शीर लावणे, भुलीखालच्या प्राण्यावर लक्ष ठेवणे, वेदनेची नोंद करणे ही कामे पशुवैद्याच्या देखरेखीखाली नेमकेपणाने लिहून काढायला या तरतुदीत वाव आहे, असे माझे मत आहे. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ पदविका अभ्यासक्रम चालवतेच. त्यात लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रिया-परिचर्येची स्वतंत्र शाखा काढता येईल, आणि परळसह विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली रुग्णालये तिच्या प्रात्यक्षिकाची जागा होऊ शकतील. सध्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांना अनुभव धरून परीक्षेला बसू द्यावे, म्हणजे वीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला बारावी नाही म्हणून बाहेर राहावे लागणार नाही. अधिसूचना निघेपर्यंत पशुवैद्यांच्या संघटनांनी किमान पगार, रात्रपाळीचा भत्ता आणि रेबीजच्या लशीचा खर्च या तीन बाबी आपसांत ठरवून टाकाव्यात. त्यांसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.